वाघोलीचा ढीग

पुणे,
१२ डिसेंबर १९९४

आदरणीय लवाटे सर,
सा. न. वि. वि.

आपण जर्मनीत गॉटिंगेनला सुखरूप पोहोचल्याचं ऑफिसात कळलं. इकडे आपला ढीग अखेर उभा राहिला. संस्थेच्या आवारात शेणाचा वास चालणार नाही, असं रजिस्ट्रारसाहेबांनी आपण गेल्यावर लगेच कळवलं. म्हणून जागा शोधत मी नगर रस्त्यानं वाघोलीपर्यंत गेले. तिथे मच्छिंद्रराव म्हणून एक शेतकरी आहेत. त्यांच्या पडीक तुकड्यावर उसाचं पाचट, कारखान्यातला चोथा आणि शेण असा दीड पुरुष उंचीचा ढीग रचला आहे. नंतर खत त्यांनीच घ्यायचं, एवढ्यावर ते तयार झाले.

“बाई, आत विस्तू न्हाई, तर तापतंय कशानं?” त्यांनी विचारलं. मी सांगितलं, कागद, कापूस, लाकूड, पाचट, सगळ्यांत एकच चिवट धागा असतो, सेल्युलोज. तो माणसाला पचत नाही. पण ढिगात डोळ्यांना न दिसणारे जिवाणू असतात, ते तो खातात आणि खाता खाता ढीग तापवतात. त्या उष्णतेनं बाकीचे जिवाणू मरतात. आम्हाला हवेत ते त्याच उष्णतेत सुखानं राहणारे.

“म्हंजी आमच्या मंडळींसारखं,” तुळजाबाईंकडे बघत ते म्हणाले. “घर तापवायचं अन् त्यातच मजेत ऱ्हायाचं.” तुळजाबाईंनी चहाचा कप माझ्यापुढे ठेवला आणि त्यांचा परत नेला.

त्यांची सून मैना सातवी शिकलेली आहे. लांब दांड्याचा थर्मामीटर वाचायला ती लगेच शिकली. कडेवर तान्ही मुलगी असते, तिलाही आकडे ऐकवते. मला ज्या दिवशी बसनं जाणं जमत नाही, त्या दिवशी ती वर चढून तापमान बघून ठेवते. सध्या साठ अंश आहे.

सर, माझी फेलोशिप जूनमध्ये संपते. वडिलांनी अंबाजोगाईहून लिहिलं आहे की पीएच.डी. लांबत असेल तर त्यांनी स्थळं बघायला सुरुवात करायची. मुदतवाढीसाठी आपण दोन ओळींची शिफारस पाठवलीत तर फार उपकार होतील.

आपली विद्यार्थिनी,
श्रद्धा मोराळे


गॉटिंगेन,
३ जानेवारी १९९५

कु. मोराळे यांस,
आशीर्वाद.

पत्र पोहोचलं. मच्छिंद्ररावांचा विनोद, तुळजाबाईंचा चहा आणि सुनेची हुशारी यांची सविस्तर माहिती मिळाली. ढिगाचं तापमान मात्र शोधावं लागलं.

साठ अंशांवर पाचट खाणारे जिवाणू जगाला ठाऊक आहेत. त्यांच्यासाठी मला तुमची गरज नाही, कोणताही उकिरडा पुरे. मला हवा आहे पंचाहत्तर अंशांवर कागद फस्त करणारा. इथल्या एका कंपनीला तो हवा आहे, कारण कापड आणि कागदाच्या गिरण्यांतल्या गरम टाक्यांत टिकेल असं एन्झाइम त्याच्याकडूनच मिळू शकतं. आपल्या देशानं दारं उघडली, असं इथले लोक मला कौतुकानं सांगतात. त्या दारातून सगळे आतच येत आहेत. बाहेर काही घेऊन जाणारं कोणीतरी असावं, अशी माझी माफक इच्छा आहे.

ढीग उलथायचा नाही. हवा लागली की तो थंड होतो.

शिफारशीबद्दल: शिफारस कशाची करायची, ते आधी पाठवा. स्थळं बघण्याचं काम वडील चोख करतील, असं तुमच्या पत्रावरून वाटतं. निदान कुटुंबात एकाचं तरी काम वेळेत होईल.

मो. गो. लवाटे


पुणे,
२० फेब्रुवारी १९९५

आदरणीय सर,
सा. न. वि. वि.

तापमान अडुसष्टवर गेलं आहे. नमुने आणून मी सत्तर अंशांच्या पेटीत नळ्या ठेवते. प्रत्येक नळीत गाळणकागदाची पट्टी. जिवाणू असेल तर पट्टी झिजून तुटायला हवी. रोज सकाळी जाऊन बघते, पट्ट्या जशाच्या तशा.

एक गोष्ट विचारायची आहे. गेल्या आठवड्यात मी वर चढले असताना मधल्या भागात माझा पाय एकदम घोट्यापर्यंत आत गेला. वरचं पाचट कोरडं आणि घट्ट दिसतं, पण खाली पोकळ झालं आहे. मोजा होता म्हणून वाचले, तरी चार दिवस चप्पल घालता आली नाही. हे मी त्या घरी सांगितलेलं नाही. उगाच घाबरतील.

आपली हरकत नसेल तर ढीग एकदा उलथून पुन्हा रचावा का? तेही नको असेल तर वर फळ्या टाकून भोवती कुंपण करावं, म्हणजे मैना चढते तेव्हा धोका नको. ती फार उत्साहानं करते. परवा मला म्हणाली, “ताई, ह्ये जिवाणू सापडलं की मला दाखवाल का वो? कसं दिसत्यात?” सूक्ष्मदर्शकातून दाखवीन असं मी कबूल केलं आहे.

आपली,
श्रद्धा


गॉटिंगेन,
६ मार्च १९९५

कु. मोराळे यांस,
आशीर्वाद.

तुमच्या पायाला चटका बसला, ही या वर्षातली तुमची सर्वांत आशादायक नोंद आहे. दुर्दैवानं ती तुम्ही तक्रार म्हणून पाठवलीत.

पोकळी झाली याचा अर्थ तिथला सेल्युलोज कोणीतरी खाल्ला. कोणी, ते शोधण्यासाठी तुम्हाला नेमलं आहे. तुमचा सल्ला मात्र असा, की ढीग उलथून त्याला मारून टाकावं किंवा वर फळ्या टाकून मांडव घालावा. अक्षता कधी आहेत?

जिथे पाय गेला, नेमक्या त्याच जागी खूण करा. तापमान रोज तिथलंच घ्यायचं, थर्मामीटर जाईल तितका खोल घालून. तुम्हाला जमत नसेल तर सुनेला सांगा. तिला निदान उत्साह आहे.

इथे पुढच्या वर्षी एक जागा निघते आहे. माझ्या मनात तुमचं नाव होतं. मेअखेरपर्यंत पंचाहत्तर अंशांवरची तुटलेली पट्टी दिसली, तर ते पुन्हा येईल.

मो. गो. लवाटे


पुणे,
११ एप्रिल १९९५
(ऑफिसातून फॅक्स)

सर,

रविवारी संध्याकाळी वाघोलीला अपघात झाला. मैना ढिगात पडली.

मी तिथे नव्हते. कोथरूडला मावशीकडे मला बघायला पाहुणे आले होते. त्यामुळे मैनाला आदल्या दिवशीच सांगून आले होते, की काठी रोवली आहे तिथे जाऊन थर्मामीटर खोल घाल. आपण लिहिल्याप्रमाणे काठी मीच रोवली होती.

काय झालं ते मला तुळजाबाईंनी ससून रुग्णालयाच्या व्हरांड्यात सांगितलं. मैना मुलीला सासूकडे देऊन वर गेली. दोन्ही हातांनी थर्मामीटर दाबला, तोच खालचं पाचट बसलं आणि तिचा उजवा पाय मांडीपर्यंत आत गेला. ओढायला दुसरा पाय टेकला, तोही गेला. वाफ बाहेर आली. ती ओरडत होती, पण जवळ जाणार कसं? जो चढेल त्याच्या पायाखालचं खचत होतं. शेवटी तिच्या नवऱ्यानं, जयसिंगनं, घरातली बाज आणून ढिगावर पालथी टाकली आणि त्या बाजेवरून पोटावर सरकत जाऊन मैनाला ओढून काढलं. तुळजाबाई म्हणाल्या, “पायाची कातडी आतच ऱ्हायली, बाई. मी बघितली.”

उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागेल, असं डॉक्टर म्हणतात. ती शुद्धीवर आहे. मला बघून म्हणाली, “ताई, आकडा बघायचा ऱ्हायला.”

ती जागा पोकळ आहे हे मला माहीत होतं, सर. मी तिला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर ती चढली नसती, किंवा मच्छिंद्ररावांनी चढू दिलं नसतं. उद्या जाऊन मी त्यांना सगळं खरं सांगणार आहे. ढीग अजून तसाच आहे, ते तो पेटवायला निघाले आहेत. संचालकांनी माझ्याकडून लेखी हकिगत मागितली आहे. काय लिहू?

श्रद्धा


गॉटिंगेन,
१२ एप्रिल १९९५
(कुरिअरने)

कु. मोराळे यांस,

तुमचा फॅक्स ऑफिसातल्या चार जणांनी वाचल्यानंतर मला मिळाला असणार. यापुढे असल्या गोष्टी फॅक्सनं पाठवू नयेत. झालं ते वाईट झालं.

आता काय लिहायचं ते सांगतो. रविवार संस्थेच्या सुटीचा दिवस. तुम्ही तिथे नव्हता. ढिगावर चढण्यासाठी संस्थेनं कोणालाही नेमलेलं नाही. सदर महिला आपणहून चढली. यातलं एकही वाक्य खोटं नाही, हे ध्यानात घ्या. खरं सांगण्याची हौस असेल तर एवढं खरं पुरे आहे. काठी, चटका आणि माझं पत्र या गोष्टी कोणी विचारलेल्या नाहीत. न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं तुम्ही तोंडी परीक्षेतही देत होता. तेव्हाही त्यानं तुमचं नुकसानच झालं होतं.

मच्छिंद्ररावांना सगळं सांगून तुम्ही त्या मुलीचा पाय परत आणणार आहात का? नसाल, तर तुमच्या मनाला हलकं वाटावं म्हणून संस्था, मी आणि तुमची स्वतःची चार वर्षं त्यांच्या अंगणात नेऊन टाकू नका.

आता महत्त्वाचं. ढीग मधोमध उघडला आहे. एरवी जिथे आपला हात पोहोचला नसता, ती जागा आयती उघडी पडली आहे. ती थंड होण्याआधी, आणि म्हातारा काडी लावण्याआधी, नमुना घ्या. हे पत्र वाचून होताच निघा.

मो. गो. लवाटे


पुणे,
२० मे १९९५

आदरणीय सर,
सा. न. वि. वि.

पट्टी तुटली.

पंचाहत्तर अंशांवर, तीन नळ्यांपैकी तिन्हींत. सकाळी पेटी उघडली तर पट्टीच्या जागी तळाशी नुसता पिवळसर गाळ होता. माझा विश्वास बसेना, म्हणून त्यातला थेंब नव्या नळ्यांत घालून पुन्हा ठेवल्या. त्याही तुटल्या. सूक्ष्मदर्शकाखाली बारीक, लांब, किंचित वाकलेल्या काड्या दिसतात. मी प्रयोगशाळेत एकटीच होते. मोठ्यानं हसले आणि मग दार लावून घेतलं.

फॅक्समध्ये ‘उद्या’ लिहिलं होतं, तरी आपलं पत्र येईपर्यंत मी वाघोलीला गेले नाही; ते आलं त्याच दिवशी गेले, आणि घरचे ससूनमध्ये अडकल्यानं ढीग तोवर पेटवायचा राहिला होता. मच्छिंद्ररावांना म्हटलं, पंचनामा होईपर्यंत ढिगाला हात लावला तर पोलीस तुमच्यावरच ठपका ठेवतील. ते थांबले. मग मी बाजेवरून सरकत मधल्या खड्ड्यापर्यंत गेले. खड्ड्यात मैनाची चप्पल होती. ती बाजूला करून खालचा नमुना घेतला.

संचालकांना आपण सांगितली तशी हकिगत दिली. त्यांनी वाचली आणि म्हणाले, “ठीक आहे. मोराळे, जपून राहा.” एवढंच.

मैनाचा पाय काढला. मी भेटायला गेले तेव्हा सगळं घर तिथे होतं. जयसिंग तिच्यावर ओरडत होता, “तुला कुणी सांगितलं हुतं वर जायाला?” ती माझ्याकडे बघून म्हणाली, “ताई, सांगा की यांना.” सगळे माझ्याकडे वळले. मी म्हटलं, “तिला आता त्रास देऊ नका, तिला विश्रांतीची गरज आहे.” ती बघतच राहिली. मी सफरचंदं ठेवून निघाले. त्यानंतर गेलेले नाही.

पाहुण्यांचा होकार आला आहे. मुलगा सॉफ्टवेअरमध्ये आहे. मी त्यांना थांबायला सांगितलं आहे.

आपली,
श्रद्धा


गॉटिंगेन,
५ जून १९९५

चि. श्रद्धा,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून उठलो आणि तळ्याकाठी लांबवर चालून आलो. या वयात असं क्वचित होतं.

खरं सांगतो, तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती. तू मेहनती आहेस हे ठाऊक होतं, पण मेहनती मुली संस्थेत पुष्कळ आल्या आणि लग्नाच्या पत्रिका देऊन गेल्या. त्या खड्ड्यापर्यंत जाणारी मी पहिल्यांदाच पाहिली.

जिवाणू नवा आहे यात मला शंका नाही. पुढचं काम पुण्यात होणार नाही, तुझ्याकडे यंत्रं नाहीत. सहा नळ्या नीट बंद करून, लोकरीत गुंडाळून इकडे पाठव. कंपनीशी माझं बोलणं झालं आहे. पेटंटचा अर्ज इथून माझ्या नावानं जाईल, परदेशी कायद्यात ते सोयीचं पडतं. लेखात तुझं नाव असेलच. शिफारस सोबत जोडली आहे. इथल्या जागेबद्दल नळ्या मिळाल्यावर बोलू.

त्या घराशी आता संबंध ठेवू नकोस. गेलीस तर त्यांना वाटेल, तुझ्याकडून काही येणं आहे.

तुझा,
मो. गो. लवाटे


गॉटिंगेन,
९ ऑक्टोबर १९९५

चि. श्रद्धा,
आशीर्वाद.

नळ्या जुलैत मिळाल्या. एकीतही वाढ होत नाही. साठ, सत्तर, पंचाहत्तर, सगळं करून पाहिलं. मी तीन पत्रं लिहिली, उत्तर नाही. ऑफिसात फोन केला, तर तू संस्था सोडल्याचं आणि पिरंगुटच्या कुठल्याशा नव्या कंपनीत रुजू झाल्याचं कळलं. त्या कंपनीचा माणूस इथल्या लोकांना भेटून गेला आणि पंचाहत्तर अंशांवर चालणारं एन्झाइम विकायला काढतो आहे, हे मला कंपनीच्या दारात उभं असताना कळलं. दाराबाहेर.

संस्थेत वाघोलीच्या प्रकरणाची फाइल अजून आहे, याची तुला आठवण असेल. संचालक माझे मित्र आहेत.

ताबडतोब जिवंत नमुना पाठव. अजूनही मी तुला आशीर्वाद लिहितो आहे, हे लक्षात घे.

मो. गो. लवाटे


पिरंगुट,
२ नोव्हेंबर १९९५

आदरणीय डॉ. लवाटे यांस,
सा. न. वि. वि.

आपलं पत्र मिळालं. आपल्या चालण्यात खंड पडला नसावा, अशी आशा आहे.

वाघोलीच्या फाइलबद्दल: ती उघडायची असल्यास माझी हरकत नाही. काठी मी रोवली, ती कुठे रोवायची हे आपण सांगितलं. मी विद्यार्थिनी होते, आपण मार्गदर्शक. मी कोथरूडला होते, आपण जर्मनीत. दोघंही तिथे नव्हतो. फाइल उघडली तर दोघांचीच उघडेल, आणि आपल्या निवृत्तीला माझ्याहून कमी वर्षं उरली आहेत.

इथे मला स्वतंत्र प्रयोगशाळा मिळाली आहे. यंत्रं आपल्याला हवी होती तीच आहेत. पीएच.डी. संस्थेतल्याच दुसऱ्या सरांकडे पूर्ण करते आहे, त्यांनी आनंदानं होकार दिला. शिफारशीत आपण माझ्याबद्दल जे चांगलं लिहिलंत, त्याचा त्या कामी उपयोग झाला. आभारी आहे.

नळ्यांत वाढ का होत नाही याचा आपण फार विचार करू नये. पाठवण्याआधी मी त्या प्रेशर कुकरमध्ये उकळल्या होत्या.

कळावे,
श्रद्धा मोराळे


मु. पो. उरळगाव, ता. शिरूर
४ ऑक्टोबर १९९९

डॉक्टर श्रद्धाताई यांना मैनाचा नमस्कार.

ताई, ओळखलं का? मी वाघोलीची मैना, मच्छिंद्ररावांची सून. पेपरात तुमचा फोटो आला होता. त्यात कंपनीचं नाव होतं, म्हणून पत्ता मिळाला. फोटो छान आलाय. तुमचं लग्न झालं हे पण त्यात होतं. आनंद वाटला.

मी आता दादाकडे असते. पाय काढल्यावर सासूबाई म्हणाल्या, थोडे दिवस माहेरी जा, बरी झालीस की नेऊ. न्यायला कोणी आलं नाही. जयसिंगनं दुसरी केली. आता नाव घ्यायला हरकत नाही. ते रान बिल्डरला दिलं, तिथं बिल्डिंगी झाल्यात म्हणे. मला त्यातलं काही नको. कुबडी घेऊन मी सगळं काम करते, शिलाई पण करते.

पोरगी त्यांच्याकडे आहे. संस्कृती. तुम्ही तिला बघितलीय, कडेवर असायची. आता शाळेत जाती. मला भेटू देत नाहीत. सगळ्या गावात त्यांनी सांगितलंय की मी नवऱ्याशी भांडून जीव द्यायला ढिगात उडी मारली. असली आई पोरीला कशी सांभाळणार, असं म्हणतात. मी सांगते की तापमान बघायला गेले होते, तर हसतात. सुटीच्या दिवशी, संध्याकाळी, कुणी न सांगता? असं विचारतात. तुम्ही सायबाला लिहून दिलंय म्हणे की मी आपणहून चढले.

ताई, तुम्ही काठी दाखवून मला म्हणाला होता, तिथं लाव, खोल घाल. तुम्हाला आठवत असेल. मी तुम्हाला दोष देत नाही. जागा पोकळ झालीय हे तुम्हाला तरी काय माहीत?

दिवाळी झाली की पाहुणे बसणार आहेत, पोरगी कुणाकडे राहणार ते ठरवायला. तुम्ही फक्त एकदा या आणि सासऱ्यासमोर तोंडानं एवढंच सांगा की मीच हिला चढायला सांगितलं होतं. तुमचं ते ऐकतील. तुम्ही मोठ्या आहात. गाडीनं आलात तर दोन तासांचं काम. मला पैसे नकोत, काही नको.

तुमची,
मैना


पुणे,
२१ ऑक्टोबर १९९९

श्रीमती मैना यांस,
स. न. वि. वि.

आपलं पत्र मिळालं. आपल्या प्रकृतीबद्दल वाचून वाईट वाटलं. आपण शिलाईचं काम करता हे कौतुकास्पद आहे.

आपण लिहिलेल्या प्रसंगाला आता बरीच वर्षं लोटली. त्या दिवशी मी वाघोलीत नव्हते, कोथरूडला नातेवाइकांकडे होते. याबाबतची वस्तुस्थिती मी त्या वेळी संस्थेला लेखी कळवली आहे. तीत बदल करण्याजोगं काही माझ्या स्मरणात नाही. काठीसंबंधी आपण जे लिहिलं आहे, तो आपला गैरसमज असावा. मोठ्या दुखण्यानंतर माणसाच्या आठवणींत अशी सरमिसळ होते. डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

आपल्या सासरच्या मंडळींचा हा घरगुती प्रश्न आहे. त्यात बाहेरच्या व्यक्तीनं पडणं मला उचित वाटत नाही. दिवाळीनंतर मी परदेशीही असेन.

आपण त्या संध्याकाळी ढिगावर का चढलात, हे मला तेव्हाही समजलं नव्हतं आणि आजही समजलेलं नाही. त्यामुळे त्याविषयी कोणासमोर काही सांगणं मला शक्य नाही.

आपल्या कन्येस आशीर्वाद.

कळावे,
डॉ. श्रद्धा मोराळे
संशोधन प्रमुख


उरळगाव
१९ नोव्हेंबर १९९९

श्रद्धाताई,

तुमचं पत्र आलं तेव्हा मी शिरूरला दवाखान्यात होते, पायाची जखम उलली होती. पाकिटावर कंपनीचं नाव बघून दादाला वाटलं, तुम्ही खरं तेच लिहून पाठवलं. त्याला वाचता येत नाही. पाहुणे बसायचा दिवस जवळ होता, म्हणून तो पाकीट तसंच जपून ठेवून त्या दिवशी वाघोलीला घेऊन गेला. मी पण गेले होते. मला पण वाटलं, खरंच असंल. मीच म्हटलं, सगळ्यांसमोर फोडा.

जयसिंगनं उभं राहून मोठ्यानं वाचलं. मी का चढले ते तुम्हाला समजलं नाही, हे शेवटचं त्यानं दोनदा वाचलं. सासरे उठून बाहेर गेले. दादा अजून मला म्हणतो, चुकून दुसऱ्याचं पत्र आलं असंल.

संस्कृतीला बोलावलं होतं, नवीन फ्रॉक घातला होता. ती दारात उभी राहून ऐकत होती. माझ्याकडं आली नाही. ती आजीला म्हणाली, “ही बाई आपणहून पडली का गं?”

सासूबाई म्हणाल्या, “व्हय.”

मैना